पार्श्वभूमी : म्युनिकमध्ये मिळालेलं वर्ष कोणाच्या कामी आलं?

सप्टेंबर १९३८मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने म्युनिकच्या करारात चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा सीमेवरचा भाग हिटलरला देऊन टाकला आणि युद्ध वर्षभर पुढे गेलं. त्याची मुळं आधीची. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात जर्मनीवर जरा जास्तच झालं, ही टोचणी ब्रिटनमध्ये बरीच जुनी होती. १९३५मध्ये लंडनने फ्रान्सला न विचारताच जर्मनीशी नौदल करार केला आणि ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्क्यांपर्यंत जहाजं बांधायची मुभा दिली. मार्च १९३६मध्ये जर्मन फौजा ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे तहाने त्यांना बंदी केलेल्या पश्चिम सीमेवरच्या पट्ट्यात, शिरल्या; मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीच्या घशात गेला. दोन्ही वेळा निषेध झाला, पण सैन्य कोणी हलवलं नाही.

मग पाळी चेकोस्लोव्हाकियाची. सुडेटनलँडमध्ये सुमारे ३० लाख जर्मनभाषक राहत होते. ज्या स्वयंनिर्णयाच्या तत्त्वावर तो देश उभा राहिला, तेच तत्त्व आता हिटलर पुढे करत होता, आणि लंडनमधल्या अनेकांना ते मनापासून पटतही होतं. अडचण अशी की झेक तटबंदी नेमकी त्याच डोंगराळ पट्ट्यात होती. तो पट्टा दिला की पुढे प्रागपर्यंत अडवायला फारसं काही उरत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन दोन आठवड्यांत तीनदा जर्मनीला गेले. पहिल्या भेटीतल्या मागण्या मान्य करून ते परतले, तर दुसऱ्या भेटीत मागण्या वाढलेल्या. तिसऱ्या खेपेला, २९ सप्टेंबरच्या रात्री, म्युनिकमध्ये जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी प्रदेश देऊन टाकला. ज्यांचा देश होता ते वाटाघाटींत नव्हतेच; निकाल त्यांना नंतर कळवला. फ्रान्सचा झेकांशी मदतीचा करार होता. सोव्हिएत संघाचाही होता, पण त्यात अट अशी की आधी फ्रान्सने उतरावं. त्यामुळे पॅरिसने हात काढून घेतला तेव्हा सोव्हिएत करारही निकामी झाला.

आजही भांडण आहे ते यावरच : हा भित्रेपणा होता की वेळ मिळवण्याची चाल? बचाव करणाऱ्यांकडे मुद्दे आहेत. १९३८मध्ये स्पिटफायर विमानं नुकती कुठे दलात येऊ लागली होती आणि रडारची साखळी अपुरी होती. साम्राज्यातल्या कॅनडा, दक्षिण आफ्रिका यांना झेकांसाठी लढायचं नव्हतं. खुद्द ब्रिटिश जनतेलाही नव्हतं. पंतप्रधान परतले तेव्हा लोकांनी जल्लोष केला. दोन वर्षांनी लंडनवरचं आकाश ज्या विमानांनी राखलं, त्यातली बरीचशी या मुदतीत तयार झाली, हेही खरं.

पण ही मुदत एकट्या ब्रिटनला मिळाली नव्हती. जर्मनीची पश्चिमेकडची तटबंदी तेव्हा अर्धवट होती. त्यांच्या लष्कराचा जनरल स्टाफप्रमुखच ऑगस्टमध्ये, हे युद्ध झेपणार नाही म्हणून, राजीनामा देऊन बसला होता. समोर उभं राहिलेलं झेक सैन्य किरकोळ नव्हतं. मार्च १९३९मध्ये प्राग पडलं आणि त्या सैन्याची सामग्री, स्कोडाचे शस्त्रास्त्र कारखाने, सगळं जर्मनीच्या हाती गेलं. १९४०मध्ये फ्रान्समध्ये घुसलेल्या काही जर्मन चिलखती तुकड्यांकडे मुख्यतः झेक बनावटीचेच रणगाडे होते. शिवाय वेळ मिळवायचाच होता, तर परतल्यावर 'आपल्या काळापुरती शांतता' आणल्याची ग्वाही कशाला? ती ऐकून तरी पंतप्रधानांचा हिटलरच्या सहीवर खराच विश्वास होता, असंच वाटतं. चालीची गोष्ट बरीचशी नंतर रचलेली दिसते.

भारतातही यावर मतं होती. नेहरू त्याच उन्हाळ्यात चेकोस्लोव्हाकियात जाऊन आले होते आणि ब्रिटिश धोरणावर उघड टीका करत होते. गांधीजींनी 'हरिजन'मधून झेकांना अहिंसक प्रतिकार सुचवला.

पुढे म्युनिक हे राजकारण्यांच्या हातातलं हत्यार झालं. फेब्रुवारी १९३८मध्ये मुसोलिनीशी बोलणी करण्याच्या प्रश्नावर राजीनामा दिलेले ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन १९५६मध्ये पंतप्रधान होते. सुएझ कालवा ताब्यात घेणाऱ्या इजिप्तच्या नासरमध्ये त्यांना मुसोलिनी दिसला आणि सुएझवर फौजा गेल्या; नाचक्की होऊन त्या परतल्या. व्हिएतनाम आणि इराकच्या वेळीही तोच दाखला दिला गेला.

मूळ म्युनिक करार मात्र कागदावर बराच काळ रेंगाळला. ब्रिटनने १९४२मध्ये आपण त्याला बांधील नसल्याचं सांगितलं. युद्धानंतर सुडेटनलँडमधल्या बहुतेक जर्मनांना देशाबाहेर काढण्यात आलं. पश्चिम जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी म्युनिक करार आपसांत रद्दबातल मानला, तो थेट डिसेंबर १९७३मध्ये.