हार्ट फेल्युअरमध्ये मूत्रल औषधांना मिळणाऱ्या प्रतिसादाचा अंदाज

हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या अंगात साठलेलं मीठ आणि पाणी बाहेर काढायला लघवी वाढवणारी औषधं म्हणजे मूत्रलं देतात, त्यातही मुख्यतः लूप गटातली फ्युरोसेमाइड, टोरसेमाइड आणि ब्युमेटानाइड. एखाद्या पेशंटला ठराविक डोस किती लागू पडेल हे डोसच्या आधी, किंवा डोसनंतर तास दोन तासांत ओळखणं हा या नोंदीचा विषय. सूज, धाप, आडवं पडल्यावर श्वास अडकणं ही लक्षणं सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे त्यात जात नाही.

मूत्रलांचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९१९ सालच्या व्हिएन्नापासून सुरुवात करतात. तिथे आल्फ्रेड फोगल हा वैद्यकाचा विद्यार्थी सिफिलिससाठी पाऱ्याचं नवं इंजेक्शन देत होता, आणि नर्सेस रोजची लघवी मोजून जो तक्ता ठेवत त्यात इंजेक्शनच्या दिवशी आकडा एकदम उसळलेला त्याला दिसला. तरी यालाच पहिला शोध म्हणायचं का यावर मतभेद आहेत, कारण पाऱ्याच्याच कॅलोमेलने सूज उतरते हे १९व्या शतकात नोंदलेलं होतं आणि ती माहिती बहुधा त्याहूनही जुनी असावी. शोधाचा मान कुणालाही द्या, पण तो लागला लघवी मोजली म्हणून, आणि आजचा अंदाजाचा सगळा डोलारा त्याच मोजण्यावर उभा आहे. पुढे १९४९ मध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध मूत्रल म्हणून वापरून पाहिलं, १९५०च्या दशकाच्या शेवटी क्लोरोथायझाइड आलं आणि साधारण १९६४च्या सुमारास फ्युरोसेमाइड बाजारात आलं.

एकच डोस दोघांना वेगवेगळा का लागू पडतो हे कळायला औषधाचा प्रवास बघावा लागतो. फ्युरोसेमाइडची गोळी पोटातून रक्तात सरासरी निम्मी जाते, पण कुणात १० टक्के तर कुणात जवळजवळ १०० टक्के, टोरसेमाइड आणि ब्युमेटानाइडचं मात्र ८० टक्क्यांच्या वर शोषलं जातं. रक्तात ते अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, त्यामुळे किडनीच्या गाळणीतून फारसं गळत नाही, सुरुवातीच्या नलिकेतल्या पेशी ते उचलून आत लघवीत टाकतात आणि मग ते हेन्लेच्या लूपमधला, म्हणजे नलिकेच्या पुढच्या वळशातला, सोडियमचा पंप नलिकेच्या आतल्या बाजूने बंद पाडतं. म्हणजे रक्तात किती औषध आहे यापेक्षा लघवीत किती पोचलं हे महत्त्वाचं, आणि एका ठराविक पातळीच्या खाली परिणाम जवळजवळ शून्य. किडनी अधू असेल तर औषध पोचवायलाच मोठा डोस लागतो, हार्ट फेल्युअरमध्ये मात्र पुरेसं पोचूनही सोडियम कमी निघतं. क्रेग ब्रेटर आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे बारकाईने दाखवलं, शिवाय अंगात पाणी भरलेलं असताना गोळीचं शोषण उशिरा होतं हेही.

मग सोडियम अडतं कुठे? हा वादाचा मुद्दा. जुनं मत असं की हृदय कमी रक्त पाठवतं, गाळणी मंदावते, सुरुवातीची नलिका जास्त सोडियम ओढून घेते आणि लूपपर्यंत फारसं काही येतच नाही. दुसरं मत असं की लूपमधून सोडियम सुटतं पण पुढची दूरची नलिका ते परत गिळते, कारण सतत लूप औषध मिळाल्यावर तिथल्या पेशी जाड होतात, हे प्राण्यांमध्ये आधीच दिसलेलं होतं. २०१७ मध्ये राव आणि सहकाऱ्यांनी लिथियम (सुरुवातीच्या नलिकेत ते सोडियमसारखंच ओढलं जातं) किती बाहेर पडतं त्यावरून हिशोब मांडला आणि माणसात दूरच्या नलिकेचाच वाटा मोठा असल्याचं दाखवलं. दुसरं मत जास्त पटतं, कारण मेटोलाझोनसारखं, दूरच्या नलिकेवर काम करणारं थायझाइड जातीचं औषध जोडल्यावर अडलेला पेशंट बऱ्याचदा मोकळा होतो. अर्थात लिथियमची पद्धत अप्रत्यक्ष आहे आणि प्रत्येक पेशंटमध्ये एकच कारण असेल असं नाही.

प्रतिसाद म्हणजे नक्की काय मोजायचं यावरही एकमत नाही. ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडमागे वजन किती घटलं हे एक माप, तेवढ्याच डोसमागे निव्वळ पाणी किती गेलं हे दुसरं, आणि सोडियम किती गेलं हे तिसरं. वजन आणि पाण्याचा ताळेबंद वॉर्डात बऱ्याचदा एकमेकांशी जुळत नाही, आणि पाणी गेलं पण मीठ राहिलं तर सूज परत येते, म्हणून सोडियमचं माप जास्त विश्वासाचं.

आता मुख्य गोष्ट. २०१६ मध्ये टेस्टानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिरेतून डोस दिल्यावर १ ते २ तासांनी घेतलेल्या लघवीच्या एकाच नमुन्यावरून पुढच्या ६ तासांचं एकूण सोडियम बऱ्यापैकी अचूक काढता येतं. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) भागिले लघवीतलं क्रिएटिनिन, त्याला किडनीच्या गाळणीच्या वेगाने गुणायचं, शरीराच्या आकाराची दुरुस्ती करायची, मग १५० मिनिटांनी आणि लघवीतल्या सोडियमने गुणायचं. समजा दोन पेशंट आहेत, दोघांची गाळणी मिनिटाला ६० मिलिलिटर, रक्तातलं क्रिएटिनिन डेसिलिटरला १.२ मिलिग्रॅम, आकार सरासरी, लघवीतलं सोडियम दोघांचंही लिटरला ८० मिलिमोल. पहिल्याच्या लघवीत क्रिएटिनिन १२ आहे, म्हणजे लघवी पातळ, हिशोब येतो ९०० मिलिलिटर आणि ७२ मिलिमोल. दुसऱ्याचं ४८, लघवी घट्ट, हिशोब २२५ मिलिलिटर आणि फक्त १८ मिलिमोल. नुसतं सोडियम बघितलं असतं तर दोघे सारखेच दिसले असते. ५० मिलिमोलच्या खाली प्रतिसाद खराब धरतात, कारण ५० मिलिमोल म्हणजे साधारण ३ ग्रॅम मीठ, दिवसाला दोन डोस धरले तरी ६ ग्रॅम, एवढं तर पथ्यावरचा माणूसही जवळजवळ खातोच, मग साठलेलं निघणार कधी?

युरोपियन हृदयरोग संघटनेच्या हार्ट फेल्युअर विभागाने २०१९ मध्ये त्याहून सोपा नियम सुचवला: २ तासांनी लघवीतलं सोडियम लिटरला ५० ते ७० मिलिमोलच्या खाली, किंवा पहिल्या ६ तासांत लघवी तासाला १०० ते १५० मिलिलिटरच्या खाली असेल तर डोस दुप्पट करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आलं. वरच्या उदाहरणातला दुसरा पेशंट सोडियमच्या नियमातून सहज निसटतो, लघवी मोजली तरच सापडतो, म्हणून सूत्र वापरणं जास्त बरं, फक्त त्याला हातात रिपोर्ट आणि कॅल्क्युलेटर लागतो.

डोसच्या आधीच अंदाज बांधायचे प्रयत्नही झाले. जास्त युरिया, कमी रक्तदाब, डायबिटीस, रक्तातलं कमी क्लोराइड, घरी आधीपासून मोठा डोस चालू असणं, या गोष्टी खराब प्रतिसादाशी जोडलेल्या दिसतात आणि अशा काही गोष्टी एकत्र करून गुण देण्याच्या पद्धतीही केल्यात, पण एका माणसाबद्दल ठाम सांगायला त्या अपुऱ्या पडतात.

अंदाजाप्रमाणे डोस बदलून पेशंटचं भलं होतं का, हे २०२३च्या पुश-एएचएफ चाचणीत तपासलं गेलं, ३१० पेशंट, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचं एकच केंद्र. २४ तासांत सोडियम ३४५ ऐवजी ४०९ मिलिमोल निघालं, पण ६ महिन्यांतले मृत्यू किंवा परत अॅडमिट होणं यात फरक दिसला नाही. लहान चाचणी होती, त्यामुळे यावरून पद्धतच निकामी ठरवणं घाईचं होईल. ही मापं मुख्यतः शिरेतून डोस मिळणाऱ्या, अॅडमिट असलेल्या पेशंटवर बेतलेली आहेत. घरी गोळी घेणाऱ्यात शोषण कधी होतं हेच पक्कं नसल्याने २ तासांच्या नमुन्याला तेवढा अर्थ उरत नाही, तिथे रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर घेतलेलं वजन हेच माप वापरतात.