अनेक डोमेन, एकच वर्डप्रेस : डोमेन वळवण्याआधी हे वाचा

संस्था एक; तिची माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि वसतिगृह यांच्या वेबसाइट वेगवेगळ्या, प्रत्येकीचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, वेगळं, पण मागे वर्डप्रेस (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) एकच. आमच्या अनेक ग्राहकांची मांडणी अशीच आहे. नवं डोमेन घेतलं की सगळे एकच प्रश्न विचारतात, "आता हे जोडायचं कसं?" त्याचं उत्तर या पत्रकात आहे. पण आधी ज्या एका चुकीमुळे सगळ्यांचाच वेळ जातो, ती सांगतो.

डोमेन आमच्या सर्व्हरकडे वळवायचं म्हणजे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदींची यादी ठेवणारे सर्व्हर) बदलायचे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं करू नका. आम्हाला फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बदलून हवा असतो. तुम्ही जिथून डोमेन घेतलं तिथे लॉगिन करून डीएनएसचं, म्हणजे या नोंदींचं, पान उघडा. टाइप 'ए' आणि नावाच्या रकान्यात '@' अशी एक ओळ दिसेल. तिच्यातला जुना आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) काढून आम्ही पाठवलेला टाका. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची ओळही तपासा, कारण ती कधीकधी वेगळ्याच सर्व्हरकडे जात असते. बाकी कशालाही हात लावू नका, विशेषतः एमएक्स आणि टीएक्सटी या ओळींना.

कारण असं. वेबसाइट कुठे आहे हे ए रेकॉर्ड सांगतो आणि मेल कुठे न्यायची हे एमएक्स सांगतो. हे सगळे रेकॉर्ड नेमसर्व्हरवर असतात. नेमसर्व्हर बदलले की जुनी यादी बाद होते आणि नव्या जागी जेवढं भरलेलं असेल तेवढंच चालतं. तिथे एमएक्स नसेल तर मेल पाठवणारा सर्व्हर नियमाप्रमाणे ए रेकॉर्डकडे, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरकडे जातो. तिथे तुमची मेलबॉक्स नसते, म्हणून मेल नाकारली जाते. अशी परत गेलेली मेल नंतर आपोआप येत नाही, पाठवणाऱ्यालाच ती पुन्हा पाठवावी लागते. ऐन जूनमध्ये, प्रवेशाच्या धामधुमीत कार्यालयाची मेल बंद पडली तर काय होतं, हे मुख्याध्यापकांना वेगळं सांगायला नको. पत्र खरंच तुमच्याकडून आलं हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम हे टीएक्सटी रेकॉर्डही त्याच यादीत असतात. ते गेले की तुम्ही पाठवलेली पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात.

चूक झालीच, तर घाईघाईने नेमसर्व्हर पूर्ववत करू नका. डॉट कॉमच्या बाबतीत नेमसर्व्हरची माहिती इंटरनेटवर 48 तासांपर्यंत साठवलेली राहते. त्यामुळे मागे फिरलात तरी तेवढा काळ काहींना जुनं आणि काहींना नवं दिसत राहील. त्यापेक्षा लगेच फोन करा. नव्या यादीत एमएक्स आणि टीएक्सटी भरणं हा लवकर होणारा उपाय आहे. मात्र त्यासाठी जुन्या यादीची प्रत लागते. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी डीएनएसच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट आम्ही मागतो, आणि तो आल्याशिवाय काम सुरू करत नाही. काहींना हा विलंब वाटतो. आमच्या मते या कामातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं हीच.

अलीकडे सारखी येणारी आणखी एक तक्रार : "ऑफिसात नवी साइट दिसते, मोबाइलवर जुनीच." बहुतेक वेळा जुन्या होस्टिंगचा 'एएएए' रेकॉर्ड मागे राहिलेला असतो. तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांसाठी असतो. जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास चालतं, त्यामुळे फोन जुन्या पत्त्यावर जातो. स्क्रीनशॉटमध्ये अशी ओळ दिसली तर ती काढायला आम्हीच सांगू.

आयपी बदलून झाल्यावर बाकीचं आमच्याकडे. आधी डोमेन सर्व्हरवर नोंदवायचं, मग साइटची जोडणी सुरक्षित करणारं एसएसएल प्रमाणपत्र घ्यायचं आणि सगळ्यात शेवटी वर्डप्रेसच्या नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये त्या साइटचा पत्ता बदलायचा. हा क्रम आम्ही मोडत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही प्रमाणपत्र देणारी सेवा ते देण्याआधी डोमेन खरोखर आमच्या सर्व्हरवर येतं का ते तपासते. वारंवार तपासणी फसली तर काही काळ नवा प्रयत्नच करता येत नाही. आणि पत्ता आधी बदलला तर लॉगिन तुम्हाला अजून न वळलेल्या डोमेनवर नेतं, मग साइटचं अ‍ॅडमिन पानही उघडत नाही. म्हणून "आयपी टाकला, अजून साइट का नाही?" असं वाटलं तरी थोडं थांबा. टीटीएल, म्हणजे नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा, 14400 असेल तर जुना पत्ता चार तासांपर्यंत टिकू शकतो. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल 300 करून ठेवला तर ही वाट पाहावी लागत नाही.

युजरनेम-पासवर्ड सगळ्या साइटना एकच, तरी प्रत्येक डोमेनवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. हा बिघाड नाही. एका डोमेनची कुकी (लॉगिनची साठवलेली खूण) ब्राउझर दुसऱ्या डोमेनला देत नाही, आणि सुरक्षेसाठी ते योग्यच आहे.

एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट चालवण्याची ही सोय वर्डप्रेसमध्ये मुळातच आहे, तिला मल्टिसाइट म्हणतात. ती 2010 च्या 3.0 आवृत्तीपासून मिळते, आणि 2016 च्या 4.5 पासून स्वतंत्र डोमेन जोडायला वेगळं प्लगइन (वरून बसवायचं जोड-सॉफ्टवेअर) लागत नाही. त्यामुळे डोमेन जोडण्यासाठी आम्ही प्लगइनचे पैसे लावत नाही. तरीही कोणी तुम्हाला तसं प्लगइन विकत असेल, तर आधी आम्हाला विचारा.

सुपर अ‍ॅडमिनचा, म्हणजे सगळ्या साइटवर पूर्ण अधिकार देणारा, पासवर्ड आम्ही प्रत्येक साइटच्या संपादकाला देत नाही, यावर काही जण नाराज होतात. एका वाड्यात चार बिऱ्हाडं असली तरी विहीर एकच असते, तसं हे आहे. लेख, फोटो, पानं ज्याची त्याची, पण प्लगइन आणि थीमच्या फाइल सगळ्यांच्या सामाईक. वसतिगृहाच्या साइटसाठी टाकलेलं एखादं सदोष प्लगइन महाविद्यालयाची निकालाची साइटही बंद पाडू शकतं. प्लगइन हवं असेल तर कळवा. आम्ही ते आधी चाचणी सर्व्हरवर चालवून बघतो आणि मगच लावतो. वार्षिक देखभालीत हे काम धरलेलंच आहे. अपडेट आणि बॅकअपही सगळ्या साइटचे एकत्र होतात, त्यामुळे चार स्वतंत्र होस्टिंगपेक्षा खर्च कमी येतो.

मात्र प्रत्येकाने मल्टिसाइटच घ्यावी, असं आम्ही सांगत नाही. ऑनलाइन विक्रीचं दुकान असेल किंवा एखादा व्यवसाय पुढे भागीदाराकडे द्यायचा, विकायचा विचार असेल, तर त्याची साइट पहिल्यापासून वेगळी ठेवा. एकत्र डेटाबेसमधून एकच साइट बाहेर काढता येते, पण ते किचकट काम आहे आणि त्याचा खर्च तुमच्यावर पडतो.

डोमेन देवनागरीत, म्हणजे डॉट भारतमध्ये घेतलं असेल, तर नोंदणीच्या पानावर 'एक्सएन' ने सुरू होणारं त्याचं रोमन रूप दिसतं. सर्व्हरवर तेच वापरावं लागतं, म्हणून नावासोबत तेही पाठवा.

डोमेनची नोंदणी संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर असू द्या. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर नको, आमच्याही नको. नवं डोमेन घेण्याआधी एक फोन केलात, तर सध्याच्या मांडणीत ते बसतं की नाही हे आम्ही विनामूल्य सांगू.