धूर म्हणजे न जळलेलं सरपण

पेटलेली मेणबत्ती फुंकून विझवली की वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाते. हवा स्थिर असेल तर वातीपासून दोन-तीन बोटं वर, त्या रेघेला पेटती काडी लावून पाहा. ज्योत धुरावरून झरकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांनी हे करून दाखवलं होतं. ती रेघ मेणाच्या वाफेची असते, म्हणजे इंधनाचीच. लाकडाच्या धुराचंही तेच आहे. चुलीतून किंवा धुराड्यातून जो धूर जातो, त्यातला मोठा भाग जळायचा राहून गेलेल्या लाकडाचा असतो. डोळे चुरचुरवणारा, भिंती काळ्या करणारा आणि छातीत जाऊन बसणारा हा धूर म्हणजे आपण तोडलेलं, वाळवलेलं, वाहून आणलेलं सरपणच. त्यामुळे सरपण वाचवायचं असो की घर धुरापासून वाचवायचं असो, सुरुवात एकाच ठिकाणी होते: जे आत घातलं ते आतच पुरतं जाळायचं.

त्यासाठी लाकूड जळतं कसं ते आधी पाहू. कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं, उरलेलं बहुतांश ऑक्सिजनचं आणि जवळपास सहा टक्के हायड्रोजनचं. तापायला लागलं की आधी त्यातलं पाणी उडतं. तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन यांचे लांबलचक रेणू तुटू लागतात आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, डांबराच्या वाफा असं बरंच काही बाहेर पडतं. कोरड्या लाकडाचं तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त वजन असं वायुरूपाने निघून जातं. मागे राहतो तो कोळसा. जाळ लागतो तो या वायूंना. नीट पाहिलंत तर जाळाचं बूड लाकडाला चिकटलेलं नसतं, ते किंचित वर असतं. कोळसा मात्र जागच्या जागी, पृष्ठभागावर लाल होऊन जळतो. निखाऱ्यांवर अधूनमधून ज्या निळसर ज्वाळा दिसतात, तो जळणारा कार्बन मोनॉक्साइड.

लाकडातल्या एकूण उष्णतेचा मोठा वाटा या वायूंकडे असतो आणि ते सुखासुखी पेटत नाहीत. ते पूर्ण जळायला साधारण ६०० अंशांच्या वर तापमान लागतं, हवा लागते, ती हवा त्यांच्यात नीट मिसळावी लागते आणि जळून होईपर्यंत त्यांना गरम जागेत थोडा वेळ राहावं लागतं. यातली एक गोष्ट कमी पडली की धूर झालाच. चूल धुमसत असताना फुंकणीने फुंकर घालून पाहा. क्षणभर धूर आणखी दाटतो, निखारे तांबड्याचे नारिंगी होतात आणि एकदम भसकन जाळ लागतो. त्याच क्षणी धूर जवळपास नाहीसा होतो. लाकूड तेच, जागा तीच. फक्त हवेने निखारे तापले आणि त्यांनी वायू पेटवला.

आता ओल्या लाकडाविषयी. इथे जरा रेंगाळतो, कारण बाकी सगळं जमवूनही सरपण ओलं असेल तर काही उपयोग होत नाही. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं एक किलो लाकूड चुलीत घातलं तर जळण्याजोगं लाकूड अर्धा किलोच. त्यातून साधारण नऊ मेगाज्यूल उष्णता मिळेल आणि अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यात त्यातली सव्वाच्या आसपास खर्ची पडेल. म्हणजे सातवा हिस्सा. कागदावर हे नुकसान सोसण्यासारखं वाटतं. खरा फटका दुसरीकडे बसतो. उकळणारं पाणी लाकडाला आणि जाळाला थंड ठेवतं, वायू पेटण्याइतके तापतच नाहीत आणि आपल्याजवळची सगळी उष्णता घेऊन न जळताच निघून जातात.

लाकडाची रचना उभ्या नळ्यांच्या जुडीसारखी असते. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढतं, आणि वाळतानाही ते मुख्यतः त्याच वाटेने, कापलेल्या टोकांतून बाहेर पडतं. आडव्या दिशेने ते फार सावकाश निघतं, आणि साल तर त्याला अडवूनच धरते. म्हणून अख्खे ओंडके रचून ठेवले तर वर्षानंतरही पोटात ओले निघतात. तेच आखूड कापून, उभे फोडून ठेवले तर काही महिन्यांत वाळायला लागतात. कठीण, जाड लाकडाला वर्ष-दोन वर्षंही लागतात. रास जमिनीपासून वर उचललेली हवी आणि आच्छादन फक्त माथ्यावर हवं. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं तर पाऊस बाहेर राहतो खरा, पण लाकडातून निघालेला ओलावाही आतच कोंडून राहतो आणि बुरशी धरते.

वाळलं की नाही हे ओळखायला लोक दोन फाके, म्हणजे फोडलेले तुकडे, एकमेकांवर आपटून आवाज ऐकतात. वाळलेलं लाकूड टणत्कार देतं, ओलं बद्द वाजतं. टोकांना पडलेल्या चिराही सांगतात, पण त्या फक्त बाहेरचं सांगतात. मला सर्वांत भरवशाची वाटते ती वजनाची रीत. राशीतल्या एका फाक्यावर खूण करायची आणि दर काही आठवड्यांनी तोच फाका तोलायचा. वजन घटायचं थांबलं की हवेने जितकं वाळणं शक्य होतं तितकं ते वाळलं. अशा लाकडात साधारण १५ ते २० टक्के पाणी उरतं आणि ते चालतं. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर फाका नव्याने फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर टेकवा. बाहेरून घेतलेला आकडा बहुधा कमीच दाखवतो.

कुठल्या झाडाचं लाकूड चांगलं, हा प्रश्न हमखास येतो. वजनाला वजन घेतलं तर बहुतेक कोरडी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. हलकं लाकूड झटकन जळून जातं, जड लाकूड टिकतं आणि त्याचे निखारे छान होतात, इतकाच काय तो फरक.

एक किलो कोरडं लाकूड जाळायला किमान सहा किलो हवा लागते, म्हणजे साधारण पाच घनमीटर. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास द्यावी लागते, कारण प्रत्येक रेणूला ऑक्सिजन वेळेत गाठत नाही. मात्र याहून खूप जास्त हवा आली की ती जाळच थंड करते. बंद लोखंडी स्टोव्हमध्ये म्हणूनच हवेच्या दोन वाटा असतात. एक खालून निखाऱ्यांना मिळते, दुसरी वरून, गरम होऊन, वायूंमध्ये मिसळते. आग धरली की खालची वाट कमी करायची आणि वरची उघडी ठेवायची. काचेमागे जाळ पिवळा, चपळ दिसला पाहिजे.

आणि इथेच सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. रात्रभर पुरावं म्हणून स्टोव्ह ठासून भरायचा आणि हवेची झडप बंद करून आग 'मंद' करायची. मंद होतो तो जाळ. लाकडातून वायू निघणं काही थांबत नाही. तापलेलं लाकूड वायू सोडत राहतं, त्याला ना हवा मिळते ना तापमान, आणि तो तसाच धुराड्याला लागतो. धुराड्यात वायूंचं तापमान साधारण १२० अंशांच्या खाली गेलं की वाफ आणि डांबर आतल्या भिंतीवर गोठू लागतं. हा क्रिओसोट. आधी काजळीसारखा भुसभुशीत असतो, पुढे चकचकीत काळा कडक थर होतो. एखाद्या दिवशी जोराची आग केली की हा थरच पेट घेतो. धुराड्याला लागलेली आग १००० अंशांपर्यंत जाऊ शकते आणि घरं जाळते. म्हणून ऊब कमी हवी असेल तर लाकूड कमी घाला, हवा कमी करू नका. छोटी पण तेज आग करा, धुराडं वर्षातून एकदा तरी झाडून घ्या.

आतापर्यंत जे बोललो ते जाळण्याविषयी. उष्णता हवी तिथे पोचवणं हे वेगळंच काम आहे, आणि गंमत अशी की ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात. जाळाचा पिवळा रंग काजळीच्या तापून झळाळणाऱ्या बारीक कणांचा असतो. जाळाच्या शेंड्यापर्यंत जाताना हे कण जळून जातात. पण वाटेतच त्यांना भांड्याचं थंड बूड लागलं तर ते विझतात आणि बुडाला काजळी धरते. भांडं जाळाला जितकं खेटून, तितकी उष्णता जास्त मिळेल असं वाटतं, पण फार खेटलं तर जाळच अर्धवट राहतो.

काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञांनी १७९० च्या दशकात उघड्या शेकोट्यांचा अभ्यास केला तेव्हा निम्मी लढाई धुराड्याच्या तोंडाशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते तोंड अरुंद केलं, शेकोटी उथळ केली आणि बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाते. फॅरडे जिथे बोलले ती रॉयल इन्स्टिट्यूशन १७९९ मध्ये उभी राहिली ती या रम्फर्ड यांच्याच पुढाकाराने. पुढे १९८० च्या दशकात लॅरी विनियार्स्की या अमेरिकी अभियंत्यांनी रॉकेट स्टोव्हची तत्त्वं मांडली. कोपरासारखी वळलेली अरुंद नळी, तिच्याभोवती उष्णता न शोषणारं हलकं आवरण, तोंडाशी बारीक काटक्या. आधी वायूंना गरम, उभ्या नळीत पुरतं जळू द्यायचं, मग तापलेल्या हवेला भांड्याच्या अगदी जवळून, अरुंद फटीतून जायला लावायचं.

आधी जाळा, मग उष्णता काढून घ्या, हा क्रम मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. मातीची किंवा दगडाची जाड चूल 'धग धरून ठेवते' हे खरं आहे, पण ती धग जाळातूनच येते. थोडा वेळ पेटवायच्या चुलीत जाळाभोवती जड भिंत असेल तर पहिला हिस्सा तीच खाते आणि आग थंड राहते. तीच जड भिंत वायू जळून झाल्यानंतरच्या वाटेवर असेल तर खोली कित्येक तास उबदार ठेवते.

पेटवण्याची रीतही याच क्रमाने बदलते. बंद स्टोव्हमध्ये जाड लाकडं खाली, त्यावर मध्यम, सगळ्यात वर काटक्या आणि पेटवण. आग वरून लावायची. आग सावकाश खाली उतरते आणि खालच्या लाकडातून निघालेल्या वायूला वरच्या जाळातूनच जावं लागतं, म्हणून सुरुवातीचा धूर बराच घटतो. उघड्या चुलीत लाकडांची फक्त टोकं जाळात ठेवायची आणि जळतील तशी पुढे सरकवायची. सगळं लाकूड एकदम आत लोटलं की सगळं एकदम वायू सोडू लागतं आणि हवा पुरत नाही. एकटा ओंडका तर बहुधा विझतोच, कारण त्याची उष्णता चहूकडे निघून जाते. दोन-तीन फाके जवळ असले की ते एकमेकांना तापवत ठेवतात.

आग धरून पंधरा-वीस मिनिटं झाली की बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहा. वरची हवा नुसती थरथरताना दिसली तर उत्तम. निळसर करडा धूर रेंगाळत असेल तर आत काहीतरी कमी पडतंय.

रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक हे चुलीत कधीच घालू नये. त्यांतून निघणारी विषं कितीही चांगल्या आगीने नाहीशी होत नाहीत, काहींची तर राखही विषारी होते.

लाकडाच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतात, त्यामुळे ते फुप्फुसांच्या अगदी खोलवर जातात. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा वाचून पुढे जाता येत नाही. धुराडं घरातला धूर बाहेर नेतं, पण तो शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. उत्तम स्टोव्हही गॅस किंवा विजेइतका स्वच्छ नसतो. ज्यांना पर्याय आहे त्यांनी तो वापरावा असं मी स्पष्टच म्हणेन, विशेषतः घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर.

शेवटी निखाऱ्यांविषयी, कारण धोका तिथे दिसत नाही. जाळ संपून नुसते निखारे उरले की धूर जवळपास थांबतो आणि आता निर्धास्त झालो असं वाटतं. पण कार्बन मोनॉक्साइड याच वेळी भरपूर तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. निखारे लाल असताना धुराड्याची झडप कधीही पूर्ण बंद करू नका, दारं-खिडक्या मिटलेल्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नका. या वायूची सूचना देणारं यंत्र झोपायच्या खोलीत असलेलं बरं. राखेत दडलेला निखारा एक-दोन दिवसही धगधगत राहू शकतो. म्हणून राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढायची आणि बादली घराबाहेर, लाकडी जमिनीपासून दूर ठेवायची. बंद स्टोव्हमध्ये बोटभर राख तळाशी राहू दिली तर पुढची आग लवकर धरते. त्यात काळे कोळशाचे तुकडे दिसले तर ते वेचून पुढच्या वेळी जाळात टाका, अजून पुष्कळ उष्णता आहे त्यांच्यात.