नव्वद तासांचा आठवडा आणि मेंदूतले ॲडेनोसिन

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा आठवड्याला ९० तास कामाचा आग्रह देशभर गाजला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी ७० तास सांगितले होते. दोन्ही वेळा गोव्यात चर्चा ठरलेल्या वळणावर गेली : आपण सुशेगाद माणसे, दुपारी एक वाजला की शटर खाली, आपल्याला हे कसले झेपणार! कोणी हे कौतुकाने म्हणतो, कोणी हिणवून. मला दोन्ही पटत नाही. आपल्या गावचा पोदेर बघा. पहाटेच्या आधी त्याची भट्टी तापलेली असते, उजाडताना तो सायकलवरून दारोदार पाव पोचवतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याचा हॉर्न वाजतो. दुपारी तो आडवा होतो म्हणून त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. त्या झोपेवरच त्याचा संध्याकाळचा पाव उभा असतो. कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच कष्टाचे रसायनशास्त्र समजून घ्यायला हवे असे वाटते.

मेंदूच्या पेशी एटीपी नावाच्या रेणूवर चालतात, हे शाळेत वाचलेले असते. एटीपीमधला ‘ए’ म्हणजे ॲडेनोसिन, त्याला जोडलेले तीन फॉस्फेट. पेशी काम करते तेव्हा फॉस्फेट तुटत जातात आणि ऊर्जा मिळते. काही एटीपी पेशींच्या बाहेरही सोडले जाते, तिथली विकरे (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात आणि शेवटी नुसते ॲडेनोसिन उरते. जागेपणी मेंदू जितका राबतो, तितके ते साचत जाते. १९९७ मध्ये तार्जा पोर्का-हेइस्कानेन आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूतून अतिसूक्ष्म नळीने द्रव काढून हे मोजले. मेंदूच्या तळाशी पुढच्या बाजूला जागेपण टिकवणाऱ्या पेशींचा एक भाग असतो. मांजर जागे ठेवले तर तिथले ॲडेनोसिन वाढत गेले आणि झोपू दिल्यावर हळूहळू उतरले.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. या पेशींवर ए-१ नावाचे ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू येऊन बसण्याच्या जागा, असतात. ॲडेनोसिन त्यांच्यावर बसले की पेशीत कॅल्शियम शिरण्याचे मार्ग आवळले जातात आणि पोटॅशियम बाहेर पडण्याचे मार्ग उघडतात. पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो, तिला संदेश पाठवणे जड जाते. दुसरीकडे ए-२-ए या ग्राहींमार्फत तेच ॲडेनोसिन झोप आणणाऱ्या पेशींना जोर देते. म्हणजे जागेपणाचा आवाज मंदावतो आणि झोपेचा चढतो, एकाच रेणूमुळे. कामातून निर्माण झालेला पदार्थच काम आवरते घ्यायला सांगतो. थकवा ही मनाची कमजोरी आहे असे समजणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे.

मग चहा-कॉफीने तरतरी कशी येते? कॅफिनची घडण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना चालू करत नाही. कदंबच्या गर्दीच्या बसमध्ये रुमाल टाकून सीट धरावी तसे हे आहे. सीट अडते, पण चढणारे प्रवासी काही कमी होत नाहीत. ॲडेनोसिन साचतच राहते. प्रौढ माणसाच्या शरीरातले निम्मे कॅफिन संपायला साधारण पाच-सहा तास लागतात आणि रुमाल उचलला गेला की उभी असलेली गर्दी एकदम बसते. संध्याकाळी सहाच्या कडक चहाचा बराच अंश रात्री अकरालाही अंगात असतो, त्यामुळे झोप उथळ लागते.

ॲडेनोसिनबरोबर दुसरे एक चक्र चालते, चोवीस तासांच्या जैविक घड्याळाचे. झोपेचा दाब, म्हणजे जागेपणी साचत जाणारी झोपेची गरज, आणि घड्याळ यांचे हे दुहेरी प्रारूप अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले. सकाळपासून दाब चढत असतो आणि घड्याळाचा जागे ठेवणारा जोर अजून पुरता वाढलेला नसतो, अशा वेळी, म्हणजे दुपारी, पेंग येते. हुमण-शीत चेपल्यामुळे डोळे मिटतात ही समजूत अर्धीच खरी. भरपेट जेवणाने सुस्ती वाढते, पण प्रयोगांत जेवण न दिलेल्या लोकांमध्येही दुपारची ही घसरण दिसली आहे.

वीस मिनिटांची डुलकी इथे चांगले काम करते. त्याहून लांबली तर गाढ झोप सुरू होते आणि त्यातून उठवलेला माणूस बराच वेळ गुंगीत राहतो. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात, सहकारी विमान सांभाळत असताना, ४० मिनिटांची विश्रांती दिली. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि त्यानंतर त्यांची सतर्कता स्पष्टपणे सुधारली.

झोप मिळाली नाही तर काय होते? वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने रात्रभर चालतात. गोळ्या दाबणाऱ्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस ठरावीक वेळाने गोळ्या उचलतो, वजन करतो, जाडी आणि कठीणपणा तपासतो, नोंद करून सही करतो. पहाटे तीन-चारला दाब आणि घड्याळ दोन्ही त्याच्याविरुद्ध असतात. व्लादिस्लाव व्याझोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उंदरांवर दाखवले की फार वेळ जागे ठेवल्यावर प्राणी डोळे उघडे ठेवून वावरत असतानाही मेंदूच्या बाह्यस्तरातल्या काही पेशी क्षणभर गप्प होतात, गाढ झोपेत होतात तशाच. त्याच वेळी उंदरांचे साखरेची गोळी उचलण्याचे अंदाज चुकू लागले. माणूस जागा दिसतो, पण मेंदूचा तुकडा झोपलेला असतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. २००३ मध्ये हान्स फान डोंगेन आणि डेव्हिड डिंजिस यांनी लोकांना १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिले. त्यांच्या चुका रोज वाढत गेल्या, पण आपण आणखी थकतोय असे त्यांना फारसे वाटेनासे झाले.

‘मला कमी झोप पुरते’ या अभिमानामागे बहुतेकदा हेच असते. रात्रपाळी करणाऱ्यांना कधीकधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. घरचे घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेतात, नारळ उतरवतात. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल ठेवणारी यंत्रणा जाग आल्यावरही क्षणभर चालू राहते, एवढेच ते असते. अपुऱ्या आणि विस्कळीत झोपेत ते जास्त घडते. नारळाचे पैसे वाचवा आणि त्याला अंधाऱ्या खोलीत झोपू द्या.

आता ९० तासांचा हिशेब. सहा दिवसांत मांडले तर दिवसाला १५ तास. काणकोणहून वेर्ण्याला जाणे-येणे, आंघोळ, जेवण धरले की जागेपण १७ तासांच्या पुढेच जाते. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे चालतात. वाहन चालवताना आपल्याकडे मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. असा माणूस पाळी संपवून स्कूटरवरून महामार्गाने घरी जातो.

आणि इतके करून मिळते काय? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या नोंदी जॉन पेनकॅव्हल यांनी पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांनंतर प्रत्येक जादा तासाचे उत्पादन घसरत गेले, आणि ७० तास राबणाऱ्यांचे एकूण उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुटी सक्तीची केली, ती उगाच नव्हे.

रात्रपाळी बंद करता येणार नाही, इस्पितळे आणि कारखाने चालायलाच हवेत. पण पाळ्या फिरवण्याची दिशा बदलता येते. माणसाचे अंतर्गत घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडे लांब असते, त्यामुळे उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम शरीर तुलनेने सहज पचवते, उलटा क्रम त्रास देतो. नोटीस बोर्डावरचा पाळ्यांचा तक्ता या क्रमाने लावायला नवे यंत्रही लागत नाही आणि नवा माणूसही.