बाजारगणित

बाजारगणित : खरेदी-विक्री करताना कागद-पेन्सिलीशिवाय, डोक्यातल्या डोक्यात केला जाणारा हिशोब आणि तो करता करता अंगवळणी पडलेल्या युक्त्या. भाव, वजन, एकूण रक्कम आणि परत द्यायची मोड हा त्याचा व्याप. शाळेतल्या गणिताशी त्याचे नाते काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही शाखांत गेली चाळीस वर्षे अभ्यासला जात आहे.

या अभ्यासाचा पाया ब्राझीलमधील रेसिफे शहरात घातला गेला. तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लिमान यांनी तिथल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या, ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे आधी गिऱ्हाईक म्हणून जाऊन प्रश्न विचारले. नंतर तेच आकडे शाब्दिक उदाहरणे आणि नुसती आकडेमोड अशा दोन रूपांत त्यांच्यापुढे ठेवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : गाड्यावर ९८.२ टक्के उत्तरे बरोबर, शाब्दिक उदाहरणांत ७३.७ आणि नुसत्या आकडेमोडीत ३६.८. त्यातला नारळवाला बारा वर्षांचा मुलगा पुढे फार प्रसिद्ध झाला. एक नारळ ३५ क्रुझेरोंना (ब्राझीलचे तेव्हाचे चलन), मग दहा नारळ कितीला? शाळा सांगेल, ३५ वर शून्य द्या. हा मुलगा मात्र तीन नारळांचे १०५ धरतो, आणखी तीन मिळवून २१० करतो, आणखी तीन मिळवून ३१५ आणि शेवटी एक मिळवून ३५० वर येतो. वाट लांबची खरी, पण प्रत्येक पायरीवर त्याच्या डोळ्यांपुढे नारळ आहेत. शून्य देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असते, हा प्रश्न गणिताच्या शिक्षकांनी स्वतःलाच विचारण्यासारखा आहे.

पाच मुलांवरून फार मोठे अनुमान काढता येत नाही, हा आक्षेप रास्त होता. त्याला भक्कम उत्तर मिळाले ते भारतातून. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गिऱ्हाईक बनून गेलेले पाहणीदार मुद्दाम अडनिडी वजने मागत. समजा २० रुपये किलोचे बटाटे ८०० ग्रॅम, १५ रुपये किलोचे कांदे १ किलो ४०० ग्रॅम आणि वर हातात २०० रुपयांची नोट. बटाट्याचे वीसातून चार गेले की सोळा, कांद्याचे पंधरा आणि सहा मिळून एकवीस, एकूण सदतीस, परत द्यायचे एकशे त्रेसष्ट. असे हिशोब जवळजवळ सगळ्या मुलांनी बिनचूक केले. पण तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शाळेच्या पद्धतीने, संदर्भाशिवाय मांडली की हीच मुले अडखळली. यांतली अनेक मुले शाळेतही जात होती, ही यातली बोचरी गोष्ट.

यामागे पाठांतर असेल, शेजारचा दुकानदार मदत करत असेल, परीक्षेच्या धास्तीने मुले गडबडत असतील किंवा पैशांचा मोह असल्यामुळेच बाजारात डोके चालत असेल, अशा सगळ्या शंका संशोधकांनी तपासल्या. एकीनेही फरकाचा उलगडा झाला नाही. मग जवळच्या शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांना तपासले, तर चित्र नेमके उलटे निघाले. साधी आकडेमोड या मुलांना अधिक चांगली जमली. पण दोन्ही गटांना घातलेले बाजाराच्या धर्तीचे जे एक उदाहरण काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवले, ते यांच्यापैकी अवघ्या १ टक्का मुलांना सुटले. लेखी रीत त्यांना येत होती, पण ती इतकी संथ आणि लांबलचक, की तेवढ्या वेळात गिऱ्हाईक निघून जाईल. दोन क्रिया एकत्र जोडणेही त्यांना जड गेले.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी एका मोठ्या श्रमिक वस्तीतील शाळकरी मुलांच्या, घरगुती उद्योगांतून आलेल्या गणिती ज्ञानाचा अभ्यास केला आहे. कामातून मिळणारे गणित सर्वांना सारखे मिळत नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. दिवसभर एकच टप्पा करत राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला थोडे येते. माल आणणे, मापणे आणि विकणे पाहणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळ. तेव्हा काम हीच खरी शाळा, असा सोयीस्कर अर्थ काढण्यात हशील नाही. शिवाय बालकामगार कायद्याच्या २०१६ मधील दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे, शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला मदत करण्यासारखे अपवाद सोडल्यास, बेकायदा आहे.

महाराष्ट्रात शाळा आणि बाजार पूर्वी इतके दुरावलेले नव्हते. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांची घोकंपट्टी होई (औट म्हणजे साडेतीन). ते पाठांतरच होते आणि छडीच्या धाकाने होई, पण सोळा आण्यांच्या रुपयात आणि शेर-पावशेराच्या वजनात ते दुकानावर जसेच्या तसे उपयोगी पडे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि पावकी मागे पडली. पावणेदोनशे, सव्वातीनशे, अडीच हजार हे शब्द मात्र बोलीत टिकले. भाजीवाली आजही त्यांतच विचार करते. पाठ्यपुस्तक पावणेदोनऐवजी १.७५ लिहिते. वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्येही (हातकामातून शिक्षण देण्याची गांधीजींची योजना) सूतकताईच्या हिशोबातून गणित शिकवण्याची कल्पना होती.

दोन गणितांमध्ये पूल कसा बांधायचा, याचे तयार उत्तर संशोधनाकडे नाही. दिल्लीतील २१४ बालवाड्यांत अंदाज आणि आकार यांचे खेळ खेळवून पाहिले गेले. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलांची उपजत गणिती जाण वाढली आणि टिकलीही, पण पुढे प्राथमिक शाळेतल्या गणितात फरक पडला नाही. म्हणजे खेळाला चिन्हांशी आणि लेखी रीतीशी कोणीतरी मुद्दाम जोडून द्यावे लागते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत भरणारा, मुलांनीच माल विकायचा बालबाजार ही त्यासाठी हाताशी असलेली जागा आहे. पण तिथे गिऱ्हाईक बहुधा शिक्षक-पालकच असतात आणि मेथीची जुडी सरसकट दहा रुपयांना जाते, त्यामुळे आठशे ग्रॅमचा प्रश्न कोणी विचारतच नाही.