हात आपोआप गेला की डोकं जागेवर होतं?

शेगडीवरून उतरवलेलं भांडं वाटलं त्यापेक्षा जास्त गरम निघतं आणि हात झटकन मागे येतो. भांडं पडतं, आतलं सांडतं, मग तोंडातून ‘आई गं’ निघतं. क्रम लक्षात घ्या: आधी हात सुटला, भाजल्याचं नंतर कळलं. आता तेच भांडं आणि तोच हात, फक्त पायाशी एक रांगतं मूल आहे. अशा वेळी बरीच माणसं भांडं सोडत नाहीत. दातओठ खात दोन पावलं मागे सरकतात, भांडं ओट्यावर टेकवतात आणि मग बोटं नळाखाली धरतात.

पहिली झाली प्रतिक्षिप्त क्रिया, दुसरं प्रसंगावधान. विचार करत बसायला वेळ दोन्हीकडे नव्हता, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच चपळाई वाटते. बातम्यांनी तर हा घोळ पक्काच करून टाकलाय. ‘चालकाच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला’ हे वाक्य वाचलं की मला दरवेळी विचारावंसं वाटतं, की खरंच अवधान होतं, की पाय आपसूक ब्रेकवर पडला आणि नशिबानं मागे दुसरी गाडी नव्हती? मागे गाडी असती, तर त्याच पायाला आपण निष्काळजी म्हटलं असतं.

शब्दाची फोड केली तर निम्मं काम होतं. प्रसंग आणि अवधान. समोर काय चाललंय त्याकडे लक्ष असणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात वेगाचं नावही नाही. वेग आपण नंतर चिकटवला, कारण हा गुण दिसतो तो बहुधा घाईच्या वेळी.

प्रतिक्षिप्त क्रियेला समोरचा प्रसंग ठाऊकच नसतो. चटका बसला की त्वचेतला संदेश पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि स्नायूंना हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला मिळते ती ‘माहितीसाठी प्रत’. दचकण्याचंही तसंच. मोठा आवाज झाला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत डोळे मिटतात, खांदे वर येतात, मान आत जाते. मान आणि डोळे वाचवण्यासाठी ही योजना उत्तम आहे. पण गाडी चालवत असाल, तर ज्या क्षणी सगळ्यात जास्त बघायची गरज असते नेमके त्याच क्षणी डोळे मिटलेले असतात.

काटेकोर बोलायचं तर मज्जारज्जूवरून फिरणाऱ्या या क्रिया वेगळ्या, आणि पडणारी वस्तू झेलायला जाणं, आगीपासून पळत सुटणं, समोर कुत्रं आलं की स्टिअरिंग फिरवणं या वेगळ्या. यातल्या काही उपजत, काही सवयीनं अंगात मुरलेल्या. बोलताना मात्र आपण सगळ्यांना ‘आपोआप झालं’ म्हणतो, आणि इथे मीही तेच करणार आहे. कारण एक गोष्ट सगळ्यांत समान आहे: इशारा तोच असेल तर उत्तरही तेच येतं, परिस्थिती बदलली तरी. दोघांत फरक करायची माझी कसोटी हीच आहे. परिस्थिती थोडी वेगळी असती, तर या माणसानं वेगळं काही केलं असतं का? केलं असतं असं वाटलं, तर प्रसंगावधान. तेच केलं असतं, तर ते आपोआप घडलं, मग परिणाम कितीही चांगला झालेला असो.

आपोआप घडणारं वाईट असतं असं मुळीच नाही. डोळ्यात जाणारं चिलट पापणी अडवते ते विचारून नाही, आणि तसं विचारत बसली असती तर आपण सगळे आंधळे झालो असतो. अडचण येते ती धोका नवा असतो तेव्हा. हे शरीर घडलं तेव्हा उकळतं तेल नव्हतं, विजेची तार नव्हती, ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी नव्हती. कढईतल्या तेलानं पेट घेतला की हात पाण्याकडे जातो, कारण आग आणि पाणी ही जोडी डोक्यात घट्ट बसलेली असते. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते, आणि पेटतं तेल चौफेर उडतं. करायचं असतं ते अगदी साधं: शेगडी बंद करायची, झाकण सरकवत कढईवर ठेवायचं आणि तिला हात न लावता तशीच राहू द्यायची. विजेचा झटका बसलेल्याला ओढायला धावणं हाही त्यातलाच प्रकार. आधी मेन स्विच, मग माणूस. समुद्रात आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलेला माणूस जीव खाऊन सरळ किनाऱ्याकडे पोहत राहतो आणि दमून बुडतो. हा प्रवाह बहुतेकदा अरुंद पट्ट्यासारखा असतो. किनाऱ्याला समांतर पोहून त्याच्या बाहेर पडायचं आणि मगच किनारा धरायचा. प्रत्येक वेळी अंग म्हणतं एक आणि करायचं असतं दुसरंच.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण ५ ऑगस्ट १९४९ चं आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या घळीत वणवा लागला होता आणि तो विझवायला विमानातून उड्या टाकणाऱ्या जवानांची तुकडी उतरली होती. आग अचानक घळीच्या त्यांच्या बाजूला आली आणि सुक्या गवतातून चढावर त्यांच्या मागे लागली. चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते. सगळे जीव घेऊन वर धावत सुटले. त्यांचा प्रमुख वॅग्नर डॉज थांबला, खिशातून काडेपेटी काढली आणि समोरचं गवत स्वतःच पेटवलं. ते जळून गेल्यावर उरलेल्या राखेत तो शिरला आणि बाकीच्यांना आत या म्हणून हाका मारू लागला. एकही जण आला नाही. मागून वणवा येत असताना पुढारी पुढ्यात आणखी एक आग लावतोय, हे पाहून त्यांना काय वाटलं असेल? जळायला काही उरलंच नसल्यानं वणवा राखेत पालथ्या पडलेल्या डॉजच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. तो वाचला. कड्यावरच्या फटीतून पलीकडे पोचलेले दोघे वाचले. १३ जण गेले.

ही युक्ती त्याला प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. मला यातली काडीपेक्षा थांबण्याची गोष्ट मोठी वाटते. पाय पळत असताना त्यांना थांबवणं, आणि आग म्हणजे शत्रू एवढंच सांगणाऱ्या मनाला ‘जळून गेलेल्या जागेवर आग परत येत नाही’ हे ऐकायला लावणं. पळणाऱ्यांना भित्रे म्हणण्यात मात्र अर्थ नाही. त्यांच्या जागी मीही पळालो असतो, आणि हे वाचणारेही बहुतेक पळाले असते.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या तर २००९ मधली दोन विमानं घ्यावीत. १५ जानेवारीला न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत हंस शिरले, तेव्हा ते जेमतेम २,८०० फुटांवर होतं. हाताशी साडेतीन मिनिटं होती. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमानातलं लहान पूरक इंजिन लगेच सुरू केलं. आणीबाणीच्या यादीत ती कृती बरीच खाली होती, पण त्यामुळे वीज चालू राहिली. उडालो त्या धावपट्टीवर परतायचं का, जवळच्या दुसऱ्या विमानतळावर जायचं का, हे दोन्ही पर्याय तपासून त्यांनी सोडून दिले आणि विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ च्या १५५ जण वाचले. पुढे चौकशीत हाच प्रसंग सिम्युलेटरवर उभा करण्यात आला. क्षणाचाही वेळ न घालवता वळलं तर धावपट्टी गाठता येते असं काही प्रयत्नांत दिसलं. पण काय झालंय हे समजायला माणसाला वेळ लागतो म्हणून ३५ सेकंद मोजले, तर विमान पोचेना. मला ही ३५ सेकंदं फार मोलाची वाटतात. कागदावर हिशेब मांडणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकवर होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले आणि ऑटोपायलट सुटला. नळ्या एका मिनिटाच्या आसपास पुन्हा नीट चालू लागल्या. तेवढा वेळ विमान आहे तसं स्थिर धरून ठेवायला हवं होतं. पण चालवणाऱ्या वैमानिकानं दांडी मागे ओढली, नाक वर गेलं, वेग घटला आणि पंखांचा आधार सुटला. धोक्याचा इशारा वाजत राहिला. नाक खाली करायला हवं असताना ते बहुतांश वेळ वर ओढलेलंच राहिलं. ऑटोपायलट सुटल्यानंतर साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात कोसळलं आणि २२८ जणांचा जीव गेला. काळोखात अचानक घंटा वाजू लागली की वर जावंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे. प्रसंग मात्र वेगळाच होता, आणि तो तिथे कुणी ओळखला नाही.

आता माझ्याच कसोटीतली एक पळवाट. अनुभवी माणसाला ‘तुम्ही हे कसं ठरवलं?’ असं विचारा. तोही खांदे उडवून म्हणतो, ‘काही ठरवलं नाही, सुचलं.’ म्हणजे आतून दोन्ही गोष्टी सारख्याच लागतात. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला हेच दिसलं. ही माणसं चार पर्याय मांडून तुलना करत नव्हती. समोरची आग आधी पाहिलेल्या कुठल्या तरी आगीसारखी वाटे, त्यावरून पहिला उपाय सुचे, तो मनातल्या मनात एकदा चालवून बघत, आणि जमेलसं वाटलं की हुकूम सुटे. ते मनात चालवून बघणं हाच फरक. प्रतिक्षिप्त क्रियेत ही पायरी नसते. अंतर्ज्ञानावर शंका घेणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि हे क्लाइन यांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला, तेव्हा दोघांचं एका गोष्टीवर जमलं: सुचलेल्यावर भरवसा ठेवायचा, तर ते क्षेत्र नियमानं चालणारं हवं आणि आपलं चुकलं की बरोबर आलं हे वारंवार कळलेलं हवं. आगी तशा असतात. शेअरचे भाव तसे नसतात, तिथे ‘मला आतून वाटलं’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहावं.

गोठून जाणं, हातपाय गळणं, हेही आपोआप होणाऱ्यातलंच, फक्त त्यात हालचाल नसते. २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिक समुद्रात एस्टोनिया हे प्रवासी जहाज बुडालं आणि ८५२ जण गेले. वाचलेल्यांनी सांगितलं की जहाज कलत असताना काही माणसं जागची हललीच नाहीत. अशा माणसाला ‘जरा डोकं चालव’ म्हणून उपयोग नसतो. नाव घेऊन, डोळ्यांत बघून एकच छोटा हुकूम द्यावा: ऊठ, माझा हात धर.

मग प्रसंगावधान कमावता येतं का? थोडंफार येतं, पण ते धोक्याच्या क्षणी कमावता येत नाही. वैमानिक उड्डाणाआधीच एक वेग काढून ठेवतात. त्या वेगाच्या आत गडबड झाली तर थांबायचं, पुढे गेल्यावर झाली तर उडायचंच. धावपट्टीवर वाद घालायला जागा उरत नाही, निर्णय जमिनीवर शांतपणे झालेला असतो. बसल्या जागेपासून दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवणारा प्रवासी हेच करत असतो. धूर झाल्यावर डोळ्यांचा उपयोग नसतो, आकडा उपयोगी पडतो. गाडीचंही तेच. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात दीड सेकंद म्हणजे २५ मीटर. अनपेक्षित काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. हे २५ मीटर पुढच्या गाडीच्या मागे आधीच मोकळे सोडलेले असतील, तर त्या दीड सेकंदात कुणाला शूर व्हावं लागत नाही.

असा सराव खूप झाला की एक गंमत होते: ठरवून केलेली गोष्ट पुन्हा आपोआप होऊ लागते. माझंच सांगतो. एकदा ओट्यावरून सुरी निसटली आणि मी ती झेलायला गेलो. तळहातावर अजून पांढरी रेघ आहे. त्यानंतर ठरवलं की सुरी पडली की हात वर आणि पाय मागे. रिकाम्या स्वयंपाकघरात उगाच चार-पाच वेळा करूनही पाहिलं. आता ते इतकं अंगवळणी पडलंय की विचार करावा लागत नाही. परवा हातातून चमचा पडला, तर मी दोन्ही हात वर करून मागे उडी मारली आणि मागच्या खुर्चीवर आपटलो.