यूकेत होम केअरमध्ये गाडी चालवताय? एम्प्लॉयरने काय करायला हवं आणि तुमचे कागद कोणते

महाराष्ट्रातून केअर व्हिसावर इकडे आलेले बरेच जण डोमिसिलिअरी केअरला (क्लायंटच्या घरी जाऊन सेवा) आहेत, म्हणजे सकाळी सातला गाडी काढायची आणि रात्री दहापर्यंत या घरातून त्या घरात. इंटरव्ह्यूत एकच प्रश्न असतो, गाडी येते का? हो म्हटलं की रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, हातात. पण कंपनीचं काम तिथे संपत नाही, उलट तिथून सुरू होतं.

आधी बेसिक. घरून पहिल्या क्लायंटकडे जाणं हे साधारणपणे तुमचं कम्यूटिंग, पण एका कॉलवरून (क्लायंटच्या घरच्या भेटीवरून) दुसऱ्या कॉलला जाणं हे काम आहे. गाडी तुमची स्वतःची असली तरी. हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क ॲक्ट १९७४ तिथेही लागू होतो, आणि १९९९ च्या मॅनेजमेंट रेग्युलेशन्सप्रमाणे ड्रायव्हिंगचं रिस्क असेसमेंट करावं लागतं, ५ किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लेखी. त्यामुळे "गाडी तुमची, तुमचं तुम्ही बघा" असं मॅनेजर म्हणाला तर ते चालत नाही. एचएसई, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची सरकारी संस्था, तीन गोष्टी बघायला सांगते: ड्रायव्हर, गाडी आणि प्रवास.

ड्रायव्हर म्हणजे मुख्यतः लायसन्स. भारतीय लायसन्सवर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये राहायला आल्यापासून १२ महिने साधी कार चालवता येते. नंतर नाही. आणि भारतीय लायसन्स इथे एक्स्चेंज होत नाही, प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. प्रोव्हिजनलचा अर्ज गव्ह डॉट यूकेवर ऑनलाइन केला तर ३४ पौंड, त्याला पासपोर्ट किंवा दुसरं ओळखपत्र, गेल्या ३ वर्षांचे पत्ते आणि असेल तर एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर लागतो. प्रॅक्टिकलच्या तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत, म्हणून आल्याआल्या अर्ज टाका, अकराव्या महिन्यात जाग येऊन उपयोग नाही. रस्ता इथेही डाव्या बाजूचाच म्हणून सोपं वाटतं, पण पावसातल्या रात्री अनोळखी राउंडअबाउटवर कुठली लेन धरायची ते आपल्याकडच्या दहा वर्षांच्या ड्रायव्हिंगने येत नाही बरं का.

इथलं लायसन्स आलं की एम्प्लॉयर चेक कोड मागेल, म्हणजे तुमच्या लायसन्सची नोंद ऑनलाइन बघायचा कोड. डीव्हीएलएच्या (लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर लायसन्स नंबर, एनआय नंबर आणि लायसन्सवरचा पोस्टकोड टाकून तो फुकट मिळतो, २१ दिवस चालतो आणि एकदाच वापरता येतो. चांगली कंपनी हे जॉइनिंगला एकदा करून सोडून देत नाही, अधूनमधून परत मागते, त्याचा राग मानू नका.

आता इन्शुरन्स, जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. साधी पॉलिसी सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर, म्हणजे फक्त खाजगी वापराची असते, वर फारतर कम्यूटिंग. कॉल टू कॉल फिरायला बिझनेस यूज लागतो, आणि तो नसताना धडक झाली तर पॉलिसी असून नसल्यासारखी, वर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट्स. विनाइन्शुरन्स गाडी चालवायला लावणं हा एम्प्लॉयरचाही गुन्हा होऊ शकतो, त्यामुळे सर्टिफिकेटची कॉपी मागणं त्यांच्याही फायद्याचं आहे. सोबत गाडी ३ वर्षांहून जुनी असेल तर एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी), आणि रोड टॅक्स.

६ पॉइंट्सचं वेगळं सांगतो. इथली टेस्ट पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द, पुन्हा प्रोव्हिजनलपासून सुरुवात. भारतात कितीही वर्षं चालवली असली तरी इथे तुम्ही नवे ड्रायव्हर. आणि फोन हातात धरला की एका झटक्यात ६. म्हणून गाडीत असताना ऑफिसमधून कोऑर्डिनेटरचा फोन आला तर वाजू द्या, गाडी बाजूला लावून मग बोला. ड्रायव्हिंग करताना फोन करायचा नाही ही पॉलिसी कंपनीनेच लिहून पाळायला हवी, खरंतर.

प्रवासाचं म्हणजे रोटाचं. ९ ते ९:३० एक कॉल, पुढचा ९:३० लाच आणि मध्ये चार मैल! असा रोटा म्हणजे एकतर आजीबाईंची पाच मिनिटं कापा नाहीतर स्पीड वाढवा. प्रवासाला खरा वेळ धरणं हे एम्प्लॉयरचं काम आहे, बर्फ आणि ट्रॅफिक धरून. हायवे कोड (रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक) दर २ तासांनी १५ मिनिटं थांबायला सांगतो, शिवाय ६ तासांपेक्षा जास्त शिफ्टला २० मिनिटांचा ब्रेक आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत ११ तास विश्रांती हा सर्वसाधारण नियम. अशा रोटाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तक्रार ईमेलवर करा, तोंडी नको. व्हिसा कंपनीच्या हातात म्हणून लोक गप्प बसतात, समजतं, पण सेफ्टीचा मुद्दा रास्तपणे मांडला म्हणून त्रास देणं १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टनुसार बेकायदेशीर आहे. एकास (Acas) या नोकरीच्या हक्कांबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन फुकट सल्ला देते.

पैशाचंही बघा. दोन कॉलमधला प्रवासाचा वेळ मिनिमम वेजच्या हिशोबात धरावाच लागतो. मायलेजला (कामासाठी स्वतःची गाडी चालवल्याच्या मैलांना) एचएमआरसीचा, म्हणजे टॅक्स खात्याचा, टॅक्स फ्री दर पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स, पुढे २५. कंपनीने इतकं द्यायलाच हवं असं नाही, पण कमी देत असेल तर फरकावर टॅक्स रिलीफ मागता येतो, पी८७ फॉर्मवर, मागच्या ४ टॅक्स वर्षांपर्यंतचा. त्याला तारीख, कुठून कुठे आणि किती मैल एवढी नोंद लागते, तेव्हा आजपासून लिहायला लागा.